‘आय कॅन’ म्हणालीस? मग करी दाखाड

मिरचीचे देठ खुडत बसलं की देठांकडे कोणाचं लक्ष नसतं. संध्याकाळी कंबर धरून उठलं की दिसतं, केवढा ढीग झालाय. आमच्या ओट्यावरच्या किश्शांचंही तसंच. आम्ही इंग्रजी शिकायला बसलो होतो, किस्से गोळा करायला नव्हे. पण ढीग झाला खरा.

रनाळ्यात माझ्या ओट्यावर दुपारी आम्ही चौघी बसतो. मला सगळे जिजी म्हणतात. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी बियाण्याच्या पाकिटांवरून, फवारणीच्या बाटल्यांवरून आणि नातवंडांच्या पुस्तकांतून स्वतः शिकले. कोणाचे उपकार नाहीत. दुसरी सुमन, आवाजाने आणि अंगाने मोठी. तिसरी मार्था, नवापूरकडच्या डोंगरातली. तिची घरची बोली वेगळी, आमच्याशी ती शाळेतल्या मराठीत बोलते, तेही मोजकं. आणि चौथी माझी शेजारीण लीला. लकवा मारून गेला तेव्हापासून तिचा डावा हात नुसता सोबतीला आहे.

इंग्रजी कशाला शिकायचं या वयात, असं गावात सगळे विचारतात. सांगते. म्हाताऱ्या माणसांविषयी काही ठरवायचं असलं की घरातली तरणी मंडळी इंग्रजीत शिरतात. आपण समोर बसलेलो, आणि आपला निकाल आपल्यालाच कळत नाही. लीलाचा मुलगा प्रकाश सुरतेला मोठ्या नोकरीत. आईला कायमचं तिकडे न्यायचं त्याने मनात घेतलं होतं. लीलाला घर सोडायचं नव्हतं. तो प्रत्येक वेळी बायकोशी फोनवर इंग्रजीत काहीतरी ठरवायचा, आणि ही बिचारी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. म्हणून वर्ग सुरू झाला.

* * *

मी पहिला धडा घेतला तो ‘आय कॅन’चा. आपल्याला काय येतं ते सांगता आलं पाहिजे, बाकीचं नंतर.

सुमन लगेच म्हणाली, “आय कॅन स्विम.”

आम्ही हसलो. सुमनला पाण्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “करी दाखाड.” म्हणजे, करून दाखव.

दुसऱ्या दिवशी तिच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो. बाईने पदर खोचला आणि धपकन उडी मारली. विहिरीला तीन चकरा, मग पाठीवर पडून आभाळ बघत राहिली. तिचं माहेर तापीकाठचं, हे आम्ही विसरलोच होतो.

तिचे मालक पंप बंद करायला आले होते. काठावरच थांबले. म्हणाले, “इतला वरीस झायात, माले ठाऊकच नही.”

सुमन पाण्यातून म्हणाली, “तुम्ही कधी इचारं?”

तेव्हापासून नियम ठरला. ओट्यावर ‘आय कॅन’ म्हटलं की करून दाखवायचं.

* * *

या नियमात मीही सापडले. एकदा सुमनची बडबड ऐकून मी फणकाऱ्याने म्हटलं, “आय कॅन कीप क्वाएट.”

तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. “करी दाखाड.”

बसले तोंड मिटून. मला काय, मी करारी बाई. पण सुमन कमी नाही. आधी म्हणाली, यंदा जिजीच्या शेतातली मिरची फिकी निघाली. मी गप्प. मग म्हणाली, जिजीचा नवरा देवमाणूस होता म्हणून टिकला. ते खरंच होतं, तेव्हा गप्प. मग हळूच म्हणाली, “जिजीना ठेचा म्हंजे लाल पानी शे.”

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मार्था शांतपणे म्हणाली, “जिजी, यू कॅन्ट.”

मला राग आला. म्हटलं, दुसऱ्याला ‘यू कॅन्ट’ म्हणणं सोपं आहे, आधी स्वतः करून दाखव. मार्थाने मान हलवली. ती दुपार ती गप्प. दुसरी दुपार गप्प. येते, मिरच्या खुडते, हात झटकते, जाते. शेवटी मीच तिच्या घरी गेले आणि म्हटलं, बाई, तू जिंकलीस, आता काहीतरी बोल.

ती म्हणाली, “चहा घेणार?”

पण नियमाला दुसरं कलम जोडलं गेलं. कोणाला ‘यू कॅन्ट’ म्हणायचं असेल, तर आधी ते स्वतः करून दाखवायचं.

* * *

लीलाचं मात्र सुरुवातीला एकच चालायचं. आय कॅन्ट. वेणी घालायची, आय कॅन्ट. शेगडी उचलायची, आय कॅन्ट. एक दिवस म्हणाली, “आय कॅन्ट कट अनियन.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “नियम सगळ्यांना सारखा. येत नाही म्हणतेस ना? मग येत नाही ते करी दाखाड.”

मार्थाने डोळ्यांनी मला दटावलं. मी हलले नाही. कांदा आणला, विळी आणली, तिच्यापुढे ठेवली. लीला दोन्हींकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कांदा अजून चिरलेलाही नव्हता. मग तिने विळी पायाने बाजूला सरकवली, कांदा ओट्यावर ठेवला आणि उजव्या हाताची अशी बुक्की हाणली की एक फोड सुमनच्या मांडीवर.

शेतात भाकरीबरोबर आपण सगळ्यांनी असाच कांदा फोडून खाल्लाय की.

लीला म्हणाली, “आय कॅन्ट कट. आय कॅन ब्रेक.”

त्या दिवसानंतर ती एकेक गोष्ट आपल्या रीतीने करायला लागली. भाकरी ती ताटावर एका हाताने थापते, ताट तव्यावर तिरकं धरते, भाकरी आपोआप उतरते. पदराची पिन मात्र तिला आजही लावता येत नाही. ती सकाळी जाता जाता मार्था लावते. ते वाक्य आम्ही तसंच ठेवलं, आय कॅन्ट. खोटं बोलायला इंग्रजी शिकत नाही आम्ही.

* * *

दिवाळीनंतर प्रकाश गाडी घेऊन आला. या वेळी न्यायचंच म्हणून. मुलगा वाईट नाही. आईची काळजी आहे त्याला, एवढंच की आईला विचारायची सवय नाही. “माय, सामान भरी ठेव,” म्हणाला, आणि माझ्याच ओट्यावर, आमच्या चौघींच्या मधोमध बसून सुरतेला बायकोला फोन लावला.

“नो, नो. शी कॅन्ट लिव्ह अलोन. शी कॅन्ट इव्हन कुक. शी कॅन्ट मेक वन भाकरी.”

चौघींचे हात मिरचीवर थांबले.

लीला उठली. मला वाटलं, गेली सामान भरायला. ती घरातून ताट आणि पीठ घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवलं. प्रकाशने फोन तसाच चालू ओट्यावर ठेवला.

“काय वं माय, हाई काय?”

“कॅन्ट म्हणालास ना? पहिले तू करी दाखाड.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडे बघू नकोस. ओटा माझा आहे, नियम सगळ्यांचा आहे.”

सुमनने ओट्याखालची अंगणातली चूल पेटवून तवा ठेवला. साहेबांनी बाह्या वर केल्या. पीठ आधी पातळ झालं, मग दगड झालं. जी काही भाकरी झाली ती उचलताना फाटली. अर्धी तव्यावर, अर्धी पॅन्टवर. आम्ही हसलो नाही. म्हणजे मार्था हसली नाही.

मग लीला बसली. एका हाताने पीठ मळलं, थापलं, ताट तिरकं केलं. भाकरी तव्यावर उतरली, निखाऱ्यावर टम्म फुगली. कांदा ठेवला, बुक्की हाणली. ताट मुलापुढे सरकवलं. प्रकाश खाली मान घालून खायला लागला. दुसरी भाकरी त्याने स्वतः मागितली.

फोनमधून सूनबाई विचारत होती, “हॅलो? व्हॉट हॅपन्ड? इज मम्मी कमिंग?”

प्रकाशच्या तोंडात घास होता. लीलाने पिठाच्या हाताने फोन उचलला.

“आय कॅन्ट कम,” ती म्हणाली. “यू कॅन कम. ब्रिंग चिल्ड्रन.”

सुमन तव्यावरून मान न वळवता म्हणाली, “करी दाखाड.”

लीलाने फोन मुलाच्या हातात दिला, ओट्यावर आपल्या जागी येऊन बसली आणि पुढची मिरची उचलली.