सगळी कामं एकाच प्रोव्हायडरला

आई गेल्यावर मी पुण्याच्या कंपनीकडं घरून काम करायची परवानगी मागितली. साहेबांनी तीन महिने दिले आणि बजावलं, एकदा जरी काम अडलं तरी पुण्यात परत यायचं. मी लॅपटॉप उचलून तुळजापूरला वडिलांकडं आले. वडील देवीचे पुजारी. ते मला राहा म्हणाले नाहीत आणि जाही म्हणाले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात काम अडलं, आणि तेही माझ्याच हातानं.

आमचं सॉफ्टवेअर लॅबचे रिपोर्ट कुलूपबंद करून दवाखान्यांना पाठवतं आणि तिथं उघडूनही देतं. रिपोर्ट असतो एक्सएमएल फाइलमध्ये. तो एका छोट्या चावीनं बंद करायचा आणि ती छोटी चावीही पाकिटात घालून बंद करायची. पाकीट उघडणारी मोठी चावी फक्त दवाखान्याकडं. हे सगळं जिच्या नावावर चालतं ती लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमधला आयता कोड, स्वतः मात्र इकडची काडी तिकडं करत नाही. ती प्रोव्हायडर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून काम करून घेते, आणि कुठल्या प्रोव्हायडरला सांगायचं ते आपण तिला लिहून द्यायचं.

नवा, चपळ प्रोव्हायडर आला होता. मी सेटिंगमध्ये त्याच्या एकट्याचं नाव लिहिलं, सगळी कामं यालाच. पुजाऱ्याच्या घरची मी. आमच्याकडं येणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच पुजाऱ्याकडं उतरतात. कुणी दुसऱ्याच्या दारात गेलं तर खपत नाही. तीच रीत मला इथंही इतकी बरोबर वाटली की दुसरा विचार डोक्यात आलाच नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं आणि मी खुशीत ते नवं सेटिंग सगळ्या दवाखान्यांना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याहून दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एकही रिपोर्ट उघडत नव्हता. दर वेळी चावी चालत नाही असा संदेश येत होता. बाई चिडल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. पाठोपाठ साहेबांचा. संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर सोमवारी ऑफिसात दिसा. मी प्रोव्हायडरला, लायब्ररीला आणि सबंध पुण्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि तीन तास तेच ते सेटिंग खालीवर वाचत बसले.

वडील बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते. नवं लग्न झालेलं एक जोडपं सोलापूरहून येणार होतं आणि त्यांना अभिषेक, ओटी, गोंधळ, सगळं वडिलांच्याच हातून हवं होतं.

"अभिषेक, ओटी माझ्याकडं," वडील सांगत होते. "गोंधळाला गोंधळीच लागतो. संबळ मला वाजवता येत न्हाय. बोलावतो की मी त्याला."

मी ताडकन उठले. उमरग्याची मोठी चावी साध्या फाइलीत नव्हतीच. ती होती पेनड्राइव्हएवढ्या एका टोकनमध्ये, आणि टोकनमधली चावी कधी बाहेर येत नाही. तिला त्या टोकनचा स्वतःचा प्रोव्हायडरच वापरू शकतो. माझ्या लॅपटॉपवर चाचणीची चावी फाइलीत होती, म्हणून नव्या गड्याचं निभावलं होतं. मी दोन नावं लिहिली: पाकीट उघडायला टोकनवाला, रिपोर्ट उघडायला नवा. चार वाजता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सगळे उघडले.

साहेबांना बहुतेक बाईंनी माझं कौतुक ऐकवलं असावं. त्यांनी मुदत संपायची वाटही पाहिली नाही. कायमची तुळजापूरहूनच काम करा म्हणाले. मी धावत जाऊन वडिलांना सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि आत गेले. मला असा राग आला! एवढा जीव टांगणीला लावून काय मिळालं, तर बरं.

जाब विचारायला मी मागोमाग गेले, तर त्यांनी वाशीच्या आत्याला फोन लावलेला.

"पोरगी जात न्हाय आता," ते सांगत होते. "दोन ताटं घ्यायची सवय लागली गं. परत एकच घ्यायचं, लई भ्या वाटत व्हतं."