खालून कापलेलं

परदेशातून मासिकाला लिहिणाऱ्या पत्रकारांच्या चार-पाच गोष्टींचा एक विनोदी चित्रपट मैत्रिणीबरोबर पाहिला. एका गोष्टीतला संपादक लेख न वाचताच, जागेत बसावा म्हणून खालून कापत जातो. थिएटर हसलं.

"तू का गं गप्प?" मैत्रिणीने विचारलं.

मला हसणाऱ्यांचा संताप आला, आणि एरवी मीही हसले असते याचा जास्त. माझा भाऊ असाच परदेशातून लिहायचा. तो तिकडेच वारला, तेव्हा त्याच्या मासिकाने त्याच्यावरचा मृत्युलेखही खालूनच कापला. मागे राहिलेल्यांची नावं तर शेवटीच असतात.

आईने भिंग धरून तो तीनदा वाचला. "मी कुठाय गं यात?"

मग तिने पान उलटलं. तिथे पंख्याची जाहिरात होती. तीही तिने शेवटपर्यंत वाचली.