हातात मावेल एवढं मशीन

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली, तेव्हा कंडक्टरने माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं आणि बोटाने टपाकडे खूण केली. माझा बा लगेच पुढे झाला. धुतलेलं धोतर, नीळ दिलेला सदरा, डोक्याला पांढरा रुमाल, जणू मीच नाही तर तोही नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता. "टपावर नाही जाणार थे," तो म्हणाला, "पोरीचं टाइपरायटर हाय. मांडीवर घेऊन बसन थे." कंडक्टर म्हणाला, "बसू द्या बाप्पा, मले काय करा लागते!" माय खिडकीखाली उभी राहून जेवत जा, जेवत जा एवढंच सांगत होती. बाचं सांगणं वेगळं होतं. "हातात धर. काही झालं तरी हातातच धर." गाडी हलली तशी मी पेटी आणखी घट्ट धरली आणि त्या दोघांकडे नीट पाहायचं राहूनच गेलं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती मालेगावहून बंगळुरूला नोकरीला निघाली आहे, नोकरी फिरतीची आहे आणि प्रवासात न्यायला तिला पहिला लॅपटॉप घ्यायचा आहे. परवा तिने फोन केला, "मावशी, वजन किती असलं तर चालन?" मी हैदराबादच्या माझ्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लिफ्ट बंद म्हणून भाजीची पिशवी वर ओढून आणून धापा टाकत बसले होते. इथे येऊन आता माझी भाषाही खिचडी झाली आहे. भाजीवालीला हैदराबादी 'नक्को' म्हणते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये इंग्रजी झाडते आणि राग आला की थेट वऱ्हाडीवर येते. पण तिचा प्रश्न ऐकून मला हसूच आलं. वजनाबद्दल विचारायला पोरगी अगदी योग्य माणसाकडे आली होती. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. तिच्यासाठी, गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या चहूकडे पांगलेल्यांसाठी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन वाशीमला मराठी टायपिंग शिकले होते. रोज एसटीने जायचं, तासभर बडवायचं आणि परत यायचं. त्या जोरावर मला एका सर्वेक्षण संस्थेत नोकरी लागली. संस्थेची माणसं खेडोपाडी तंबू ठोकून राहात, लोकांना दवापाण्याचं, शेतीचं विचारत आणि ते सगळं तिथल्या तिथे टाइप करून हवं असे. अट एकच होती, मशीन आपलं आणायचं.

बाची अट वेगळी होती. "पोरगी जाईन. पण मशीन हातात घेता आलं पाह्यजे. डोक्यावर घ्यावं लागत असन, त जाणं रद्द." माझी नोकरी त्या एका वाक्यावर लटकली होती.

परक्याला हा हट्ट वाटेल. आम्हाला ठाऊक होतं तो कुठून आला ते. बा तरुण असताना गावात कोणी साहेब आला की त्याच्या ट्रंका पुढच्या गावी पोचवायचं काम आमच्या वस्तीवर येई. विचारणं नाही, सांगणं. शिरपूरच्या रस्त्याने बाने अशा कितीक ट्रंका डोक्यावर वाहिल्या होत्या, साहेब मागून घोड्यावर. मग आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बाने त्या दिवसापासून डोक्यावर रुमालाशिवाय काही ठेवलं नाही. धान्याचं पोतं असो की पाण्याची घागर, तो खांद्यावर घेई, कमरेवर घेई, पण डोकं मोकळं. मान ताठ ठेवून चालणारा माझा बा मला फार देखणा वाटे, अजूनही वाटतो.

माय मात्र त्याला चिडवायची. ती रोज शेतातून चाऱ्याचा भारा डोक्यावर आणत असे. "मी आणते थो चारा चालते तुमाले," ती म्हणे, "बैलाले सांगा ना, डोक्यावरून आला हाय, खाऊ नको."  मायच्या तोंडाला लागायची बाची टाप नव्हती.

अकोल्याला जुन्या मशीनांचं एक दुकान होतं. आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने दोन मशीनं पुढ्यात ठेवल्या. एक भलं थोरलं, काळं, लोखंडी. त्याची अक्षरं इतकी सुरेख उमटली की मी कागद हातातून सोडेना. दुसरं लहान, झाकणाच्या पेटीतलं, वर चामडी मूठ. त्याच्या ओळी जराशा वरखाली होत होत्या.

बाने मूठ धरली आणि पेटी उचलून दुकानात येरझारा घातल्या, अगदी बाजारात बैल चालवून पाहावा तशा. "हेच," तो म्हणाला. मायने तोवर चुंबळ केली होती. पदर गुंडाळून डोक्यावर ठेवला, दुकानदाराला हात लावायला सांगितलं आणि ते काळं धूड डोक्यावर घेऊन हात सोडून उभी राहिली. "अक्षर चांगलं हाय ना याचं? मंग हेच घ्या. वजन काई नाही."

बाचा चेहरा उतरला. "उतरव थे," तो हळूच म्हणाला.  मायने त्याच्याकडे पाहिलं, मशीन उतरवलं आणि पदर झटकून सारखा केला. मग मला म्हणाली, "लहानच घे व. बा म्हणते थे घे." हरून जिंकू देणं मायला जमायचं, आणि ते मला आजवर जमलेलं नाही.

पहिला कॅम्प चांदा जिल्ह्याच्या जंगलात लागला. जीप नाल्यापाशी थांबली, पुढे पायवाट. थोडं चाललो आणि ती चामडी मूठ एका बाजूने उपटून हातात आली. आमचे पर्यवेक्षक मनाने वाईट नव्हते. ते मागे वळून हसत म्हणाले, "घ्या की डोक्यावर. तुमच्या लोकांना सवय असते."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. मी पेटी छातीशी कवटाळली आणि उरलेली सगळी वाट तशीच चालले. पेटीचे कोपरे बरगड्यांत रुतत होते, पुढचं पाऊल दिसत नव्हतं. दोनदा पडता पडता वाचले. कॅम्पवर पोचताच पहिला कागद टाइप करायला बसले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या पाड्यावर जायचं होतं. सकाळी मला कोणी काही सांगितलं नाही. मीच टॉवेलची चुंबळ केली, पेटी डोक्यावर ठेवली आणि चालू लागले. दोन्ही हात मोकळे, नजर समोर. सगळ्यांच्या आधी मी पोचले. पर्यवेक्षक येईपर्यंत माझं मशीन मांडून झालं होतं आणि पाड्यावरच्या बायका भोवती जमून बोलायलाही लागल्या होत्या.

सुटीवर घरी आले तेव्हा बाला ती तुटलेली मूठ पहिल्यांदा दिसली. तो पेटीजवळ उकिडवा बसला.

"मंग कशी नेली?"

"डोक्यावर, बा."

त्याने तुटलेल्या मुठीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कोनं सांगतलं होतं?"

"सांगितलं होतं एकानं. त्या दिवशी नाही घेतली, छातीशी धरून नेली. दुसऱ्या दिवशी घेतली. माझ्या मनानं."

बाने मान वर केली आणि तो हसला. मी त्याला इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "तुह्या मनानं ना? मंग थे ओझं नोहे," तो म्हणाला. आतून मायचा आवाज आला, "चुंबळ कायची केली होती?" टॉवेलची म्हटल्यावर म्हणाली, "सरकते थे. लुगड्याची करत जाय."

आता दोघंही नाहीत. मशीन कॅम्पाकॅम्पांवर झिजलं आणि एका बदलीत सुटून गेलं, त्याचं मला दुःख नाही. भाचीला मी सांगितलं, हलका घे, जड घे, तुला पेलेल तो घे. पण घर कुठे म्हणून मला कोणी विचारलं, तर मी आठवा मजला सांगत नाही आणि मालेगावचा रस्ताही सांगत नाही. इथे माझ्या कामाचं कौतुक करणारे खूप आहेत. एवढं कायले करून राह्यली, कोनं सांगतलं, असं जिथे विचारत तेच माझं घर होतं, आणि तसं विचारणारं मात्र आता कोणी उरलं नाही.