मागून येणारी चाल

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि घरी गाणी करतात. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचा मान. नात्यात कुणाचं लग्न ठरलं की काकांचं नवं कोरं गाणं हवंच. शब्द त्यांचे, चाल त्यांची, पेटीवर साथीला काकू. टाळ्या झाल्या की काका किंचित मान झुकवतात. काकू तोवर पेटीवर कापड घालून मोकळ्या झालेल्या असतात.

गेल्या वर्षी काकूंच्या बोटांत संधिवात शिरला. कपाचा कान धरणं जड जायला लागलं, तिथे पेटी कुठली वाजणार? पेटी कपाटावर गेली. "गाणं काय पेटीत असतं? ते इथे असतं," असं म्हणत काकांनी कपाळावर बोट आपटलं खरं, पण पुतणीचं लग्न ठरलं आणि बघतात तर तिथे खडखडाट. पहिली ओळ झाली, झकास झाली, दुसरी काही येईना. दुकानात काच घासायच्या यंत्राच्या आवाजावर सूर धरून ते गुणगुणायचे आणि ओळ संपली की गाडी तिथेच अडायची. या नादात एकदा त्यांनी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, मला तुम्ही दोन-दोन दिसताय." काका म्हणाले, "इथे एकाला काही सुचत नाही, दोघं काय करणार?"

शेवटी नवरीनेच मनावर घेतलं. पुतणी लॅपटॉप घेऊन आली.

"काका, हे साथ देणारं सॉफ्टवेअर. तुम्ही नुसत्या कॉर्ड, म्हणजे कुठले सूर एकत्र वाजवायचे ते, सांगायच्या. ड्रम, गिटार, व्हायोलिन सगळं हे वाजवतं. लोकांना यातून नव्या चाली सुचतात म्हणे."

"म्हणजे हे सुचवतं?"

"हे वाजवतं. सुचायचं तुम्हाला."

"मग याचा उपयोग काय?" असं काकांच्या ओठांवर आलं होतं, पण लग्न तिचं, गाणं तिचं, म्हणून त्यांनी फक्त मान डोलावली.

ती गेल्यावर ते पडद्यासमोर बसले. रिकामे चौकोन होते आणि प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर टाकायचं होतं. त्यात काय एवढं? काकांनी 'सा'साठी एस टाकला. चौकोन लाल झाला. 'रे'चा आर टाकला, तोही लाल. 'ग'चा जी मात्र यंत्राने मुकाट्याने घेतला. म, प लाल. 'ध'चा डी घेतला. 'नी'ला परत नकार.

"अगं, ऐकलंस का? याला सातातले दोनच सूर येतात! ग आणि ध!"

"नवीन आहे बिचारं. शिकेल," काकू आतून म्हणाल्या.

पुतणीने फोनवर समजावलं की ही इंग्रजी सुरांची नावं आहेत, ए ते जी एवढीच; जी म्हणजे ग नव्हे, जी म्हणजे जी. काकांना ते पटलं नाही, पण तिने सांगितलेली अक्षरं त्यांनी निमूटपणे भरली. यंत्र वाजायला लागलं, आणि वाजलं असं की काकांनी खुर्ची सावरून घेतली. ते पहिली ओळ गायले आणि अडले. यंत्र आपलं गोल गोल तेच वाजवत राहिलं. ताल बदलला, वेग बदलला, गिटार काढून पियानो आणला. ते कंटाळलं नाही, चिडलं नाही, पण दुसऱ्या ओळीचं नावही काढेना. असे किती दिवस गेले कोण जाणे. आपल्यातलं गाणं आटलं की काय, या भीतीने काकांना जेवण जाईना.

मग एका संध्याकाळी ते दुकानातून आले तर आत यंत्र वाजत होतं आणि त्याच्यावर कुणीतरी गुणगुणत होतं. पहिली ओळ, दुसरी, अंतरा, पुन्हा पहिली. अख्खी चाल! पहिल्यांदा त्यांना वाटलं, यंत्र शिकलं. डोकावून बघतात तर काकू. नाकावर चष्मा आणि पुढे केलेलं डाव्या हाताचं एकच बोट. त्या बोटाने चौकोन भरत बसल्या होत्या.

चालीतलं एक वळण ऐकून काका चमकले. भाच्याच्या गाण्यातलं वळण! दुसरं, धाकट्या बहिणीच्या. आपला माल आपल्याच घरात चोरीला! ते ताडताड आत गेले.

"अगं, ही माझी वळणं आहेत!"

"हो ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही अडायचात ना, तेव्हा मध्ये रिकामं वाटू नये म्हणून मी पेटीवर वाजवायची ती."

"मग?"

"मग तुम्ही म्हणायचात, 'सुचलं!' आणि तेच उचलायचात. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

काकांना माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली, रागही आला, आणि चाल इतकी गोड होती की मनापासून आनंद झाला. सगळं एकदम आल्यामुळे चेहऱ्यावर नेमकं काय आणावं ते कळेना.

"मग आपली गाणी केली कुणी?"

"तुम्ही. मी मागे होते."

"ही चाल तुझी म्हणून सांगणार मी लग्नात."

"काहीतरीच तुमचं! आधी शब्द बसवा."

शब्द बसवले. दोघं शेजारी शेजारी बसली. काकूंनी बोटाने यंत्र सुरू केलं आणि दोघं गायला लागली. दुसऱ्या ओळीला काका सवयीने पुढे झाले आणि भलतीकडेच वळले. काकू क्षणभरही न अडखळता आपली चाल सोडून त्यांच्यामागे आल्या. यंत्र मात्र हललं नाही. ते काकूंनी भरलेल्या चौकोनांवरून सरळ चालत राहिलं, आणि एकीकडे ते, दुसरीकडे ही दोघं, असा बेसूर गोंधळ झाला. काकांनी गाणं थांबवलं. आपण वाट चुकलो की ती मागे येते, हे इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"थांबलात का?"

"तू माझ्यामागे कशाला आलीस? चाल तिकडे होती."

"तुम्ही इकडे वळलात म्हणून."

"यापुढे येऊ नकोस."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. थट्टा नव्हती, रुसवाही नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"मग मी जाऊ कुठे?" त्यांनी विचारलं.

काकांनी तोंड मिटून घेतलं आणि या वेळी काकू आधी गायला कधी सुरुवात करतात याची वाट बघत बसले.