सामाईक फोल्डरचा निवाडा

नांदूरघाटात बांधाचं भांडण कोर्टात गेलं तर पिढीभर चालतं आणि सर्जेरावांकडे गेलं तर एका चहात मिटतं. त्यांचा निवाडा आजवर कुणी फिरवलेला नव्हता. म्हणूनच घरातलं भांडण त्यांनी अंमळ उत्साहानंच हाती घेतलं.

थोरल्या रविराजच्या कम्प्युटरवर विंडोज, धाकट्या चैतालीच्या लॅपटॉपवर लिनक्स. भावाबहिणीचं जेवढं पटायचं तेवढंच या दोन यंत्रांचं. चैतालीनं बरीच खटपट करून आपल्या लॅपटॉपवर एक सामाईक फोल्डर केलं. वायफायवरून दोघंही त्यात फायली ठेवू लागले. पहिल्याच आठवड्यात रविराजनं साफसफाई म्हणून तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट पुसून टाकला.

सर्जेरावांना प्रकरण लगेच उमगलं. ही तर सामाईक विहीर.

"आजपास्नं दोघांनी बी नुसतं बघायचं. टाकायचं न्हाई, पुसायचं न्हाई."

चैतालीनं तसं कुलूप घातलं. भांडण मिटलं. फोल्डरचा उपयोगही मिटला, पण निवाड्यात तेवढं चालतं.

मग पोरांच्या आईच्या, पारूबाईंच्या, शेवयांच्या मशीनचं उद्घाटन आलं. बॅनर रविराज करत होता. आईचा नवा फोटो चैतालीकडे होता.

"टाक की फोल्डरमधी," रविराज म्हणाला.

"टाकायचं न्हाई. बाबांचा निवाडा हाय."

"व्हॉट्सअ‍ॅपवर धाड मग."

"फोटो बारका व्हतो त्याच्यावर. धा फुटी बॅनरवर आईचं तोंड भगरीवानी दिसंल."

पेनड्राइव्ह रविराजच्या पँटबरोबर धुण्यात गेलेला.

"दुपारी छापायला द्यायचंय, बाबा," रविराज लई नम्रपणे म्हणाला. "फोल्डरमधी आधीचा एकच फोटो हाय. तुमचा. तोच लावून बघितला."

सर्जेरावांनी पाहिलं. वर 'पारूबाई शेवया केंद्र', खाली त्यांच्या मिशा. वाईट दिसत नव्हतं, असं त्यांना वाटूनही गेलं. गावातल्या यच्चयावत बॅनरांवर ते कोपऱ्यात होते. पारूबाई आजवर एकावरही नव्हत्या.

त्या मागंच उभ्या होत्या. "ऱ्हाऊ द्या की तसंच. शेवया बी तुमीच काढा मग."

सर्जेरावांनी घसा साफ केला. "चैताली, खोल ते."

"म्हंजे निवाडा फिरला?"

"फिरला न्हाई. पाळी लावली. सकाळी तुझी, दुपारी त्याची."

"आन् पुसायचं?"

"ते आईला इचारून."

संध्याकाळी चौकात बॅनर चढलं. दहा फूट पारूबाई, डोक्यावर पदर, नजर थेट समोर. खाली कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, हात जोडलेले सर्जेराव: शुभेच्छुक.