गप्प बसून पाडलेलं वाक्य

सहावीत शाळा सुटली, तेव्हापासून मला कागदाची धास्ती वाटते. तरी परदेशातल्या त्या सभागृहात मी गेले ती एका कागदासाठीच.

तळेगावच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. माझे सासरे मोडलेल्या हाडावर एका झाडाच्या सालीचा लेप बांधायचे. एकदा गाडी घेऊन माणसं आली. सासऱ्यांनी साल दाखवली, कुटून दाखवली, वर चहा पाजला. पुढे कळलं, एका कंपनीने तो लेप स्वतःचा शोध म्हणून नोंदवून घेतला. तोवर सासरे गेले होते.

असल्या ज्ञानाची मालकी कोणाची, याचे नियम लिहायला जगभरचे देश एकत्र बसतात. आमच्या संस्थेच्या ताईंनी मला तिथे नेलं. स्वतःचा कोट मला घातला, माईकचं बटण दाबायचा सराव करून घेतला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. त्या नियमांच्या मसुद्यात आम्हाला एकच वाक्य घालायचं होतं: 'जंगलातलं औषध नेण्याआधी गावाची परवानगी घ्या; गाव नाही म्हणालं तर नेऊ नका.'

सगळे देश बोलून झाल्यावर आमच्यासारख्यांची पाळी. दोन मिनिटं. मी बटण दाबलं आणि बोलले. ताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. मग अध्यक्षांनी काहीतरी विचारलं आणि सभागृह चिडीचूप झालं.

"काय म्हणून राह्यले?" मी विचारलं.

"देशांना विचारताहेत, आपल्या वाक्याबद्दल."

मला हायसं वाटलं. आमच्या ग्रामसभेत सरपंच विचारतो, "कोणाची हरकत?" माणसं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत गप्प बसतात, आणि ठराव पास. मी उठले, चारी बाजूंना हात जोडले. "लय उपकार झाले तुमचे!"

देशांच्या वतीने बसलेल्या काही साहेबांनी हसून मान हलवली. ताईंनी कोट ओढून मला खाली बसवलं.

"वहिनी, पडलं आपलं वाक्य."

"पडलं? कोणीच तं नाई म्हटलं नाई!"

"नाही म्हणावंच लागत नाही इथे. एका तरी देशाने हात उचलून 'आमचा पाठिंबा' म्हणावं लागतं. नाहीतर वाक्य जातं. आता उद्या कोणी पाठिंबा दिला, तरच परत येईल."

कानशिलं तापली माझी. औषध आमचं, बोलायला बोलावलं आम्हाला, आणि शब्द टिकणार तो दुसऱ्या कोणाची मर्जी झाली तर! विरोध करायचा तर निदान तोंड उघडून करा, म्हणजे भांडता तरी येतं. यांनी नुसतं गप्प बसून आमचं वाक्य पाडलं, आणि मी वेडी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले होते.

चहाच्या वेळी त्यांतलाच एक साहेब जवळ आला. मी फार सुंदर बोलले, असं त्याने ताईंना सांगितलं.

"मग हात काऊन नाई उचलला, विचारा त्याले."

ताई घुटमळल्या.

"विचारा नं, ताई."

त्यांनी विचारलं.  साहेब म्हणाला, वरून, त्याच्या सरकारकडून, परवानगी नव्हती. परवानगीशिवाय त्याला काही करता येत नाही.

परवानगी! हिंदीत नाही, मराठीत नाही, मी सरळ आमच्या बोलीत त्याच्याकडे बघून म्हणाले, "मंग मागा नं परवानगी. आत्ता लावा फोन. सभा उद्याही हाये. मी उभी हावो इथंच."

ताईंनी शब्द न् शब्द सांगितला. साहेबाने कप खाली ठेवला आणि खिशात हात घातला. फोन काढतो की रुमाल, ते बघत मी उभी राहिले.