खालून वर

“डोळा पळतोय रं. धर त्याला.”

लाल पेन टेबलावर दोनदा आपटून आक्का हे म्हणायच्या. बेळगावातल्या आमच्या छापखान्यात त्या प्रुफं तपासायच्या आणि मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचो. पळणारा डोळा अर्थातच माझा. चाळिशी उलटलेला बाप्या मी, पण मांडीवरचा मोबाइल नुसता थरथरला तरी हातातलं काम सोडून खाली बघायचो.

तुम्ही लग्नपत्रिका कशी वाचता? वरून. आक्का खालून वाचायच्या. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा. म्हणजे सुरुवात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पासून आणि शेवट गणपतीपाशी. पत्रिका अर्धी कन्नडमध्ये असली तर तीही तशीच.

“वरनं वाचलं की पुढं काय येणार ते डोळ्याला ठाऊक असतंय. मग तो बघतच न्हाय,” त्या सांगायच्या.

मला ही शुद्ध कटकट वाटायची. एकदा मी ‘शुभविवाह’चं ‘शुभविवाद’ करून ठेवलं. नवऱ्याकडच्या चौघांनी ते वाचून पास केलं, मालकांनीही केलं. आक्कांनी पकडलं. “खोटं न्हाय लिवलास, खरं छापू नको,” म्हणाल्या. आमच्या भागात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, हे ठाऊक असलं म्हणजे तुम्हालाही हसू येईल. आम्ही दिवसभर हसत होतो.

त्या मोबाइलच्या विरोधात होत्या असं समजू नका. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगला फोन होता, भाच्यानं घेऊन दिलेला. पण तो रुमालात गुंडाळून पिशवीत. चारच्या चहाला बाहेर यायचा. मग खिडकीपाशी बसून त्या एखादं भजन ऐकायच्या, नाहीतर कुणी बाई कुठल्याशा देशात भाकरीसारखं काहीतरी भाजत असायची ते बघायच्या. एकच, पण शेवटपर्यंत. तेवढ्यात मी वीस गोष्टी सरकवून झालेलो असायचो.

“काय बघितलास रं?” त्या विचारायच्या.

देवाशपथ सांगतो, एकही आठवायची नाही.

छापखान्याच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलंबिलं यायची. आक्का चार वाजता सगळी वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या : “शुभला पहिला उकार. तुम्हांलाही शुभ सकाळ.” पूर्णविरामासकट. पोरंटोरं वैतागायची. मीही कधीकधी.

मग त्यांच्या गावच्या, खानापूरकडच्या शाळेनं त्यांचा सत्कार केला. अंगावर शाल, हातात गुच्छ, आणि फोटो काढणाऱ्याकडे न बघता गुच्छावरची चिठ्ठी वाचणाऱ्या आक्का, असा तो फोटो. चूक शोधत असणार, दुसरं काय! ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पूर आला.

त्यानंतर त्यांना दम लागायला लागला. कामावर येणं थांबलं. एके दिवशी मला त्यांचा मेसेज आला : “वेळ मिळेल तेव्हा गावी येऊन जा. घाई नाही.” मी अंगठा पाठवला. माझ्याच्यानं दोन शब्द लिहवले नाहीत, नुसता अंगठा. आणि ‘घाई नाही’ एवढंच लक्षात ठेवलं.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर आक्कांच्या नंबरवरून तोच शालीचा फोटो आला, खाली चार ओळी. मी एका हातानं काम करत होतो. दुसऱ्या हातानं लिहिलं : “हार्दिक अभिनंदन आक्का! अशीच प्रगती होत राहो!” आणि फोन उपडा ठेवला.

जरा वेळानं मशीनवरचे आप्पा आले. हाताची शाई न पुसता आले. त्यांनी आपला फोन माझ्या तोंडासमोर धरला.

“काय लिवलास रं हे?”

मी बघितलं. त्या चार ओळी भाच्यानं लिहिल्या होत्या. आक्का पहाटे गेल्या होत्या. त्यांच्या मरणाच्या बातमीखाली मी त्यांना प्रगती चिंतली होती. आणि माझ्याखाली आणखी पाच अभिनंदनं होती, एक तर फटाक्यांचं. अरे, एकानंही वाचलं नव्हतं! सहा शिकलेली माणसं, पोटापाण्याला अक्षरं जुळवणारी.

मी ते पुसायला गेलो. पुसलं, तर तिथं ‘हा मेसेज हटवला’ असं उमटून राहिलं. मी त्या चार ओळींकडे बघत बसलो. सगळ्यात खालचा शब्द होता ‘शोकाकुल’. खालून वाचलं असतं तर पहिल्याच शब्दाला थांबलो असतो. वर्षानुवर्षं ती बाई मला दुसरं काय सांगत होती?

माटीला, म्हणजे अंत्यविधीला, गेलो तेव्हा भाच्यासमोर मान वर झाली नाही. उत्तरकार्याचं कार्ड मात्र त्यानं आमच्याकडेच दिलं.

ते मी जुळवलं. मोबाइल पिशवीत ठेवला, लाल पेन घेतलं आणि खालून सुरुवात केली. शोकाकुल. मग भाच्याचं नाव, गाव, वार. एकेक शब्द मोठ्यानं वाचत वर गेलो. चूक नव्हती. सगळ्यात वर त्यांचं नाव आलं. आम्ही जन्मभर आक्काच म्हणत आलो, ते नाव कधी लिहायची वेळच आली नव्हती. त्यात एक वेलांटी होती. भाच्यानं पाठवलेल्या मजकुरात ती एका जागी पहिली होती, दुसऱ्या जागी दुसरी.

आप्पा मशीनपाशी उभे होते. “सोडू काय रं छपाईला?”

“थांबा आप्पा,” मी म्हटलं, “वेलांटीचं तेवढं आक्कांना विचारून सांगतो.”